सालसा, मेरेंगे आणि आपलं हृदय: झुंबा हा व्यायाम कसा ठरतो

बडोद्यातल्या मराठी घरांत झुंबाचा, म्हणजे लॅटिन अमेरिकी गाण्यांवर गटाने नाचत करायच्या व्यायामाचा, विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळतोच की आपण, मग पैसे भरून आणखी नाचायला कशाला जायचं? प्रश्न रास्त आहे. दोन्हींत तालावर पावलं पडतात, दोन्हींत दम लागतो, दोन्ही एकट्याने करण्यात मजा नाही. तरी शरीराच्या हिशेबात दोन्हींचं फळ वेगळं येतं. ते का, हे कळलं की कुठलाही नाच व्यायाम कधी ठरतो तेही कळतं.

आधी एरोबिक व्यायाम म्हणजे काय ते पाहू. केनेथ कूपर या अमेरिकी हवाई दलातल्या डॉक्टरने १९६८ साली पुस्तक लिहून ही कल्पना सामान्य लोकांपर्यंत नेली. स्नायूला हलायला ऊर्जा लागते. त्याच्याकडे तयार असलेला साठा काही सेकंदांत संपतो. सुटणारी बस धावत पकडताना तोच कामी येतो. पुढची ऊर्जा तो प्राणवायूशिवाय साखर मोडून मिळवतो, पण या मार्गावर सगळा भार टाकला तर एक-दोन मिनिटांत पाय भरून येतात. त्याहून जास्त वेळ टिकायचं तर फुप्फुसांनी प्राणवायू घ्यायचा, हृदयाने तो रक्तातून पोचवायचा आणि स्नायूंनी त्याच्या मदतीने साखर आणि चरबी जाळायची, ही साखळी अखंड चालावी लागते. मोठे स्नायू लयीत हलवत ती साखळी बराच वेळ चालती ठेवणारा व्यायाम म्हणजे एरोबिक. चालणं, पोहणं, सायकल, नाच हे सगळे त्यात बसतात.

स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. कसून व्यायाम करताना निरोगी तरुण माणसात हाच आकडा २० लिटरच्या घरात जातो. असं काही महिने, आठवड्यातून अनेकदा होत राहिलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून बसल्या जागची नाडी मंदावते. स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात. जिना चढून गेल्यावर पूर्वी थांबावं लागायचं, ते थांबणं बंद होतं. अंगात आलेला हा बदल खरा आणि मोजता येण्याजोगा असतो.

यात मधुमेहाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्याकडे १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. स्नायू आकुंचन पावत असताना रक्तातली साखर आत ओढून घेतो आणि त्यासाठी त्याला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. व्यायाम संपल्यावरही कित्येक तास स्नायूंवर इन्सुलिनचा परिणाम जास्त चांगला होतो. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सगळ्यांत मोठे स्नायू, आणि लॅटिन नाचात सगळ्यांत जास्त राबतात तेच. मात्र इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी आणि पिशवीत ग्लुकोजची पुडी ठेवावी.

आता झुंबाकडे. कोलंबियातल्या काली शहरात १९९०च्या दशकात आल्बेर्तो पेरेझ हा नर्तक एरोबिक्स शिकवायचा. त्याला सगळे बेतो म्हणतात. एकदा तो वर्गाच्या गाण्यांची कॅसेट घरीच विसरला आणि पिशवीत असलेल्या सालसा-मेरेंगेच्या कॅसेटवर त्याने वर्ग निभावून नेला. लोकांना तोच आवडला. पुढे तो मायामीला गेला आणि २००१ साली आल्बेर्तो पर्लमन आणि आल्बेर्तो अगिऑन या दोघांबरोबर त्याने झुंबा या नावाने त्याचा व्यवसाय उभा केला. म्हणजे झुंबा ही नोंदणीकृत व्यापारी खूण आहे, आणि प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवलेल्या शिक्षकानेच ते नाव वापरावं असा नियम आहे. आपल्या गल्लीत ‘झुंबा’ची पाटी लावून बॉलिवूडच्या गाण्यांवर कवायत चालत असेल तर त्यातूनही व्यायाम होतोच, पण शिक्षकाने प्रशिक्षण कुठे घेतलं हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

तालावर सगळ्यांनी मिळून व्यायाम करणं बडोद्याला मात्र परकं नाही. याच शहरात प्रोफेसर माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरात सांघिक व्यायामाची परंपरा उभी केली. इंग्रजी हुकमांऐवजी देशी आज्ञांवर शेकडो जण एका ठेक्यात हलायचे. १९०७ ते १९१० या काळात स्वामी कुवलयानंद तिथेच शिकले आणि पुढे त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. मल्लखांब, लाठी, लेझीम यांची साद्यंत माहिती देणारा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी याच बडोद्यातून दहा खंडांत काढला. लेझीम हातात घेऊन अर्धा तास बैठका मारत नाचलेल्या माणसाला झुंबात दम का लागतो हे वेगळं सांगावं लागणार नाही.

झुंबाच्या वर्गात मुख्यतः चार ताल येतात. मेरेंगे हा डॉमिनिकन प्रजासत्ताकाचा नाच. दोन मात्रांचा, डावा-उजवा, जागच्या जागी चालल्यासारखा, म्हणून वर्ग बऱ्याचदा त्याच्यावरच सुरू होतो. कंबर हलते ती मुद्दाम हलवून नव्हे; एक गुडघा वाकला आणि दुसरा सरळ झाला की ती आपोआप बाजूला जाते. युनेस्कोने २०१६ साली मेरेंगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं आणि २०२३ साली आपल्या गुजरातच्या गरब्याला. एकाच यादीतल्या या दोन नाचांवर बडोद्यातल्या बायका घाम गाळतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कुंबिया हा कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचा, आफ्रिकी, आदिवासी आणि स्पॅनिश धारांतून घडलेला. त्यात एक पाय जमिनीला धरून असतो आणि दुसरा पुढे-मागे जातो. उसावर कोयता चालवल्यासारखी हातांची एक स्टेप त्यात आहे, तिने पाठ आणि खांदे कामाला लागतात. रेगेटॉन पनामा आणि पोर्टो रिकोतून आला. लय हळू, मिनिटाला साधारण ९० ते १०० ठोक्यांची, पण गुडघे सतत वाकलेले राहतात, म्हणून मांड्या पेटतात. हळू गाणं आलं म्हणजे विसावा मिळाला असं समजणाऱ्यांची इथे फसगत होते.

सालसाजवळ जरा थांबू, कारण नवा माणूस अडखळतो तो इथेच. तबल्यावरचा आठ मात्रांचा केरवा ताल कानात धरा. पहिल्या मात्रेला डावा पाय बाजूला, दुसरीला वजन परत उजव्यावर, तिसरीला डावा उजव्याजवळ, आणि चौथीला काहीच नाही. पाचवी, सहावी, सातवी हेच उजव्या पायाने, आणि आठवी रिकामी. नवशिक्याचा पाय नेमका त्या चौथ्या मात्रेवर पडतो, मग पुढचा पाय चुकीचा निघतो आणि समोरची सगळी रांग डावीकडे जाताना तो उजवीकडे जातो. यावर उपाय सोपा आहे. पहिले काही दिवस हात सोडून द्यायचे, फक्त पावलं बघायची, आणि चौथ्या मात्रेला ओठ घट्ट मिटायचे. थांबायची आठवण राहते. हा थांबा व्यायामाच्या दृष्टीनेही मोलाचा आहे, कारण त्या क्षणी सगळं वजन एका पायावर येतं आणि घोट्याभोवतीचे बारीक स्नायू तोल सांभाळायला शिकतात. पन्नाशीनंतर पडण्याची भीती असलेल्यांना हे सायकल चालवून मिळत नाही.

गाणं संपलं की ताल बदलतो, आणि खरी खुबी यातच आहे. तीन-चार मिनिटं जोर, मग जरा हलकं गाणं, मग पुन्हा जोर. एकाच वेगाने अर्धा तास पळणं बहुतेकांना झेपत नाही. असं चढत-उतरत राहिलं तर तेच शरीर तासभर टिकतं, आणि त्यातली बरीच मिनिटं जोराची असतात. ला क्रॉस इथल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली १८ ते २२ वयाच्या, झुंबाची सवय असलेल्या १९ निरोगी तरुणींची वर्गात नाडी मोजली. सरासरी १५४ ठोके भरले, म्हणजे त्यांच्या कमाल नाडीच्या जवळजवळ ८० टक्के, आणि मिनिटाला सरासरी साडेनऊ कॅलरी खर्च झाल्या. हा जोरकस व्यायामच झाला. फक्त एवढं ध्यानात ठेवायचं की त्या विशीच्या होत्या. पंचावन्नाव्या वर्षी, गुडघे सांभाळत केलेल्या नाचाला हेच आकडे लावू नयेत.

स्वतःचा जोर ओळखायला यंत्र लागत नाही. नाचता नाचता शेजारणीशी वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर व्यायाम मध्यम. दोन-तीन शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागतोय, तर जोरकस. अजिबात बोलता येत नाही, छातीत दडपण येतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर थांबायचं, रांगेतून बाहेर पडायचं, संकोच करायचा नाही. हातात घड्याळ असेल तर २०८मधून वयाचे ७० टक्के वजा करा. पन्नाशीच्या बाईची कमाल नाडी अंदाजे १७३ येते. तिच्यासाठी १११ ते १३१ ठोके म्हणजे मध्यम, त्यापुढे जोरकस. पण रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी चालू असेल तर नाडी मुळातच दबलेली असते. तेव्हा घड्याळावर न जाता बोलण्यावरूनच ठरवावं.

कॅलरींबद्दल जाहिरातींतून फार गैरसमज पसरले आहेत. ‘तासात हजार कॅलरी’ असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ६० किलो वजनाच्या बाईने मध्यम ते जोरकस यांच्या सीमेवर तासभर नाच केला तर ३६० कॅलरींच्या आसपास खर्च होतात, आणि त्यातल्या ६० तर ती सोफ्यावर बसली असती तरी गेल्याच असत्या. उरल्या ३००. आठवड्यातून तीन दिवस धरले तर ९००. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे खाणं जराही न वाढवता एक किलो उतरायला आठ-नऊ आठवडे लागतात. वर्ग सुटल्यावर सगळ्यांनी मिळून सेव-उसळ खायची पद्धत पडली तर तेही नाही. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण वजनकाट्याकडे बघूनच कितीतरी जणी दुसऱ्या महिन्यात येणं बंद करतात. त्यांचा रक्तदाब, साखर, झोप, दम सगळं सुधारायला लागलेलं असतं, आणि ते काट्यावर दिसत नाही.

येणं बंद न होण्यासाठी सगळ्यांत मोठा आधार असतो तो गटाचा. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवर एक छोटा प्रयोग झाला. तेच खेळाडू, तेवढेच श्रम, तेवढाच ४५ मिनिटांचा वेळ. एकदा एकट्याने आणि एकदा संघाने एका लयीत. संघाने वल्ही मारली तेव्हा व्यायामानंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद एकट्याने मारली त्या वेळेपेक्षा जवळजवळ दुपटीने वाढलेली आढळली. मेंदूत एंडॉर्फिन ही वेदना कमी करणारी रसायनं जास्त सुटत असावीत असा संशोधकांचा निष्कर्ष. प्रयोगात बाराच जण होते, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण बडोद्यातल्या कारेलीबाग किंवा मांजलपूरच्या कुठल्याही सकाळच्या बॅचला जाऊन बघा. एकटीने ट्रेडमिलवर दहा मिनिटांत घड्याळ बघणारी बाई तिथे पन्नास मिनिटं घड्याळ विसरते. एक दिवस आली नाही तर ‘काल कुठे होतीस गं?’ असा फोन येतो. व्यायामाच्या शास्त्रात सातत्याला पर्याय नाही, आणि सातत्य अशा फोनमधून येतं.

गरब्याचं उत्तर आता देता येतं. गरबा उत्तम एरोबिक व्यायाम आहे. दोन ताळी, म्हणजे दोन टाळ्यांचा गरबा, सुरू झाली आणि लय चढली की नाडी जिथे जायला हवी तिथे जाते. पण जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगते, तो वर्षाच्या प्रत्येक आठवड्याला. व्यायाम थांबला की दोन ते चार आठवड्यांत दम घटू लागतो. नवरात्रात कमावलेलं तुळशीच्या लग्नापर्यंत ओसरायला लागतं. उलट बाजू अधिक गंभीर आहे. अकरा महिने न हललेलं शरीर पहिल्याच रात्री तीन तास फिरवलं तर हृदयावर एकाएकी ताण येतो. २०२३च्या नवरात्रात गुजरातेत गरबा खेळताना माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. प्रत्येक मृत्यूचं कारण वेगळं असू शकतं, पण सवय नसताना अचानक केलेले जोराचे श्रम धोका वाढवतात हे वैद्यकाला पक्कं ठाऊक आहे. ज्यांना मैदानात उतरायचंच आहे त्यांनी श्रावणापासून आठवड्याला तीन दिवस झुंबा, चालणं, काहीही सुरू करावं. घरात हृदयविकार असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, सिगारेट ओढत असाल, तर आधी डॉक्टरांना भेटावं. पुरुषांनी तर जरूरच. ते शेवटच्या दिवसापर्यंत टाळतात.

झुंबात एक गोष्ट पुरेशी होत नाही, आणि ती म्हणजे ताकद. चाळिशीनंतर स्नायू कमी होत जातात, पाळी गेल्यावर बायकांची हाडंही वेगाने झिजतात. नाचाने पायांच्या हाडांना थोडा ठोका बसतो, पण दंड, पाठ, मनगट यांना वजनाचा ताण मिळत नाही. म्हणून त्याच जागतिक शिफारशीत आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम वेगळा सांगितला आहे. डंबेल, रबरी पट्टा, भिंतीला हात टेकून जोर, खुर्चीवरून हात न लावता उठ-बस, यांतलं काहीही चालेल.

दुखापती बहुधा गुडघ्याच्या आणि घोट्याच्या होतात, आणि त्यांचं मूळ बऱ्याचदा बुटात सापडतं. पळायच्या बुटांचा तळ खोबणीदार असतो, तो फरशीला घट्ट धरतो. सालसात वळताना शरीर फिरतं, पाय तिथेच राहतो, आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. चवड्याखाली जरा गुळगुळीत आणि बाजूंनी घोट्याला आधार देणारे बूट घ्यावेत. वळण्याआधी टाच उचलायची सवय लावावी. सोसायटीच्या गच्चीवरच्या सिमेंटवर उड्या नकोत. मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि ती गच्ची संध्याकाळी सातलाही भाजत असते, तेव्हा उन्हाळ्यात बॅच सकाळचीच बरी. आवाजाचंही बघावं. १०० डेसिबलचा आवाज कानाला दिवसाकाठी १५ मिनिटंच सुरक्षित मानला जातो, आणि बंद हॉलमध्ये मोठे स्पीकर तिथवर सहज पोचतात. मोबाइलवर आवाज अंदाजाने मोजता येतो. जास्त असेल तर सांगावं, किंवा कानात बोळे घालावेत.

एक गोष्ट बायका एकमेकींनाही सांगत नाहीत. उडी मारली की थोडी लघवी होते, आणि तेवढ्यासाठी कितीतरी जणी कोपऱ्यात उभ्या राहतात, मग येणंच सोडतात. बाळंतपणानंतर आणि पाळी जाताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्याने हे होतं. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ते सुधारतं. लघवी अडवून धरताना जे स्नायू आवळतो तेच दिवसातून काही वेळा आवळायचे-सोडायचे, फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून. तोवर प्रत्येक उडीच्या जागी नुसतं पाऊल टाकायचं. मोठ्या वयाच्या लोकांसाठी झुंबा गोल्ड नावाचा उड्या नसलेला, संथ प्रकारही आहे.

बॅच निवडायला पहिल्या दिवशी पैसे न भरता बघायला जा. शिक्षिका प्रत्येक उडीबरोबर उडी नसलेली स्टेप दाखवते का, बदल येण्याआधी हाताने खूण करते का, मागच्या रांगेतल्या नव्या बाईकडे तिची नजर जाते का, हे पाहा. सुरुवातीला दोन-तीन गाणी अंग गरम करायला आणि शेवटी दोन संथ गाणी नाडी उतरवायला राखलेली असावीत. जोरात नाचून एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. पुढच्या बॅचला जागा द्यायची म्हणून ती शेवटची गाणी कापणाऱ्या ठिकाणी नाव घालू नका.